जोडणी आणि निदान

ज्या १९४८ सालच्या १ जूनला पुणे–नगर रस्त्यावर राज्य परिवहनाची पहिली मोटार धावली, त्याच साली दिल्लीत कारखाने अधिनियम संमत झाला. आणि त्या अधिनियमाच्या आधारे जे नियम व ज्या अनुसूच्या निघाल्या, त्यांपैकी एकीने विद्युत्संचयक, म्हणजे आपण जिला बॅटरी म्हणतो ती, बनविण्याच्या धंद्यात शिशाशी संबंध येणाऱ्या कामांवर स्त्रियांना ठेवण्यास मज्जाव केला. हा मज्जाव निव्वळ पुरुषी हेकेखोरपणातून आला होता असे म्हणता यावयाचे नाही, कारण शिशाचे विष रक्तात उतरते आणि आईच्या रक्तातून गर्भापर्यंत पोहोचते हे वैद्यकशास्त्रास तेव्हा ठाऊक झालेले होते. परंतु त्याच अधिनियमाच्या ६६व्या कलमाने स्त्रीस सकाळी सहाच्या आधी व सायंकाळी सातनंतर कारखान्यात थांबण्याची बंदी केली, २२व्या कलमाने चालू यंत्राच्या फिरत्या भागाला तेल घालण्याची बंदी केली, आणि अशा रीतीने एकेक दार सद्हेतूने लोटून घेता घेता, यंत्राच्या जवळपास बाई नको हा रिवाज कायद्याच्या आश्रयाने रूढ होऊन बसला. पुढे बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, २०२२ च्या १ जूनला, त्याच पुणे–नगर रस्त्यावर एसटीची विजेवर चालणारी ‘शिवाई’ बस सोडण्यात आली. ज्या लिथियमच्या बॅटरीवर असली वाहने चालतात तिच्यात शिसे नाही. आणि अशा बॅटऱ्या व त्यांवर चालणारी वाहने जोडणाऱ्या हातांमध्ये आज खेड, जुन्नर, पारनेर, गेवराई अशा तालुक्यांतून आलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलींच्या हातांची भर वर्षागणिक पडत आहे.

या बदलाची जाहिरात पुष्कळ झाली आहे. २०२१ च्या सप्टेंबरात ओला कंपनीने तामिळनाडूतील कृष्णगिरी जिल्ह्यात उभारलेला आपला विजेच्या स्कूटरींचा कारखाना सर्वस्वी स्त्रियाच चालवतील आणि पूर्ण क्षमतेस पोहोचल्यावर तेथे दहा हजार स्त्रिया काम करतील असे जाहीर केले, तेव्हा त्या घोषणेचा गाजावाजा परदेशी वृत्तपत्रांपर्यंत झाला. पुण्यात टाटा मोटर्सच्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी या मोटारींच्या जोडणीची जी मार्गिका आहे, तिच्यावर दीड हजारांच्या आसपास स्त्रिया काम करतात; आणि ही तीच कंपनी, जिने १९७४ साली नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापल्याबद्दल सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांचे संतप्त पोस्टकार्ड जे. आर. डी. टाटांना आले होते. ही हकीकत इतक्या वेळा सांगून झाली आहे की ती येथे नुसती स्मरून पुढे जाणे बरे.

असल्या कारखान्यांत मुलींना का घेता, असे अधिकाऱ्यांना विचारले म्हणजे जे उत्तर मिळते ते मात्र थांबून ऐकण्यासारखे असते. मुलींची बोटे नाजूक असतात, त्यांच्या अंगी चिकाटी असते, बारीक वायरी त्या बिनचूक ओवतात, त्या गैरहजर राहत नाहीत, आणि हे शेवटचे जरा आवाज उतरवून सांगण्यात येते, त्या युनियनच्या भानगडीत फारशा पडत नाहीत. हे गुणवर्णन आपण कोठे तरी पूर्वी ऐकले आहे असे मनात येते, आणि मग आठवते की सोलापुरात आणि सिन्नरला विडी वळणाऱ्या बायकांविषयी कारखानदार हेच बोलत असत, आणि वेंगुर्ल्यास व चंदगडास काजू सोलणाऱ्या बायकांविषयी आजही हेच बोलतात. नाजूक बोटांची स्तुती ज्या ज्या धंद्यात झाली, त्या त्या धंद्यात त्या बोटांना मिळणारा मेहनताना कमी राहिला आहे, हा काही योगायोग नव्हे. बोटे नाजूक आहेत असे म्हटले की ते कौशल्य ठरत नाही, निसर्गाची देणगी ठरते. आणि निसर्गाच्या देणगीबद्दल वेतनश्रेणी कोण मागणार?

माझ्या मते खरे कारण निराळे आहे, आणि ते मुलींच्या बोटांत नसून धंद्याच्या वयात आहे. पेट्रोलच्या इंजिनाची विद्या आपल्याकडे शाळेत कधीच शिकविली गेली नाही. ती गॅरेजात शिकविली गेली. दहा-बारा वर्षांचा पोऱ्या उस्तादाच्या हाताखाली जाई, दोन वर्षे नुसता ‘दहा-बाराचा पाना दे’ म्हटल्यावर पाना देई, शिव्या खाई, कार्बोरेटर धुवी, आणि अठराव्या वर्षी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत नाव घातलेच तर तेथे तो जे आधीच येत होते त्याची सनद घेण्यापुरता बसे. मुलीला ही पूर्वशाळाच नव्हती. तिने मोटार-मेकॅनिकच्या वर्गात प्रवेश घेतला तरी तिच्या बाकावर बसलेला मुलगा सहा वर्षे पुढे असे. विजेच्या वाहनाने ही आघाडी एका फटक्यात पुसून टाकली, कारण त्यात कार्बोरेटर नाही, क्लचप्लेट नाही, पिस्टन नाही. आहे ती बॅटरी, तिच्यावर देखरेख करणारी इलेक्ट्रॉनिक पाटी (बीएमएस), कंट्रोलर आणि मोटर, आणि यांतले उस्तादालाही काही ठाऊक नाही. नव्या धंद्यात सारेच नवशिके असतात, आणि ज्या थोड्या काळापुरते सारे नवशिके असतात त्या काळातच मागे राहिलेल्यांना आत शिरता येते. हा काळ संपला की तेथेही उस्ताद निर्माण होतील. ते बायकांपैकीही होतील की नाही, एवढाच खरा प्रश्न आहे.

चाकणच्या परिसरात औद्योगिक वसाहतीच्या आसऱ्याने ज्या प्रशिक्षणशाळा निघाल्या आहेत, त्यांपैकी एकीत बॅटरीच्या कामाचा तास मी पाहिला. दालनाच्या दाराशी एक लाकडी मांडणी होती आणि तिच्यात प्रत्येक मुलीच्या नावाची चिठ्ठी लावलेली प्लास्टिकची डबी. आत जाण्यापूर्वी अंगावरचा धातू न् धातू त्या डबीत उतरवावयाचा: अंगठी, घड्याळ, कानातले, पैंजण, जोडवी, बांगड्या, मंगळसूत्र. दुचाकीच्या बॅटरीचा दाब पन्नास व्होल्टच्या आसपास असतो व त्याने माणूस सहसा मरत नाही. पण तिच्या दोन टोकांवर धातूची बांगडी आडवी पडली तर जो प्रवाह वाहतो त्याने बांगडी क्षणात लाल होते आणि हाताला चिकटून बसते. मोटारीच्या बॅटरीत तीनशे-चारशे व्होल्ट असतात, तेथे मग दुसऱ्या चुकीला अवसर उरत नाही. हे सर्व मुलींना पहिल्याच दिवशी सांगितलेले होते आणि पटलेलेही होते. तरी गेवराईकडची एक नवपरिणीत मुलगी गळ्यातल्या पोतीवर हात ठेवून दारात थांबली.

“मॅडम, सासूबाईंनी विचारलं तर?”

“सांग, कंपनीचा नियम आहे,” शिक्षिका म्हणाल्या. “आणि काळा दोरा बांध. दोऱ्यातून करंट जात नाही.”

दोन वाक्यांत प्रश्न मिटला. कंपनीचा नियम हे आजच्या ग्रामीण महाराष्ट्रात एक मोठे अभयपत्र झाले आहे. जे नवऱ्याला सांगून किंवा सासऱ्याला पटवून झाले नसते ते कंपनीच्या नियमाखाली बिनबोभाट होऊन जाते, आणि शर्ट-पँट घालणे, केस टोपीत कोंबणे, रात्री अकराच्या बसने परत येणे या सगळ्यांवर त्याच नियमाची मखलाशी उमटते.

आत गेल्यावर पहिले काम हातमोजा तपासण्याचे होते. उच्च दाबाच्या कामासाठी जो जाड रबरी मोजा घालतात त्याला सुईच्या अग्राएवढे भोक असले तरी तो निरुपयोगी. म्हणून मनगटाच्या बाजूने तो गुंडाळीत आणावयाचा, आतली हवा बोटांकडे कोंडून तो फुगवावयाचा आणि कानाशी धरून हवा निसटते का ते ऐकावयाचे. वीस मुली वीस मोजे कानाशी धरून स्तब्ध उभ्या होत्या. नंतर मीटर आले. चौदा ओळींत बसविलेल्या विद्युत्घटांच्या एका पेटीवर प्रत्येक ओळीचा दाब मोजून वहीत मांडावयाचा होता. तेरा ठिकाणी ३.६ च्या जवळपास आकडा आला, एका ठिकाणी ३.१. शिक्षिकेने विचारले की मग पेटी किती चालेल. कोणी म्हणाले, बाकीच्या तेरा चांगल्या आहेत, तेव्हा थोडीच कमी चालेल. “चौदा भाऊ एका घरात जेवतात,” त्या म्हणाल्या, “एक उपाशी राहिला तर बाकीच्यांना हात धुवून उठावं लागतं. बीएमएस सगळी पंगत उठवते.” मुली हसल्या, आणि हा मुद्दा त्या जन्मात विसरणार नाहीत हे उघड होते. या शिक्षिका स्वतः सरकारी संस्थेतून वीजतंत्रीचा अभ्यासक्रम करून, कारखान्यात काही वर्षे काढून आलेल्या. आणि वर्गात कोणी ‘मला जमणार नाही’ म्हटले की त्या समजूत न घालता मीटर त्या मुलीच्या हातात देतात.

परंतु या तासापेक्षा दुपारी जे पाहिले त्याने मला अधिक विचारात पाडले. एक स्कूटर मधल्या स्टँडवर उभी होती. मूठ पिळली की चाक फिरण्याऐवजी गचके देत होते. शिक्षिकेने तिच्यात दोष मुद्दाम करून ठेवला होता आणि मुलींना एवढेच सांगितले होते की तो शोधा, भाग बदलू नका. चाकातल्या मोटरमधून तीन जाड वायरी निघतात, पिवळी, हिरवी आणि निळी, आणि त्यांच्याबरोबर पाच बारीक. त्या पाचांतील तीन मोटरचे चाक कोणत्या स्थितीत आहे याची वर्दी कंट्रोलरकडे पोहोचवितात. पहिल्या दोघींनी कंट्रोलर बिघडला असे ठरवून टाकले. तिसरी, पारनेर तालुक्यातली, बराच वेळ काहीच करीना. मग तिने मीटरचे एक टोक जमिनीच्या वायरीला लावले, दुसरे एकेका बारीक वायरीवर टेकविले आणि डाव्या हाताने चाक सावकाश फिरवू लागली. पहिल्या वायरीवर आकडा शून्यावरून पाचावर, पाचावरून शून्यावर असा झुलत राहिला. दुसऱ्या वायरीवर तसाच. तिसऱ्यावर तो पाचावर चिकटून बसला. चाक कितीही फिरविले तरी हलेना. तिने मान वर करून “ही” एवढेच म्हटले.

हा पाठ त्या संस्थेच्या छापील अभ्यासक्रमात नव्हता. ज्या कंपनीकडे यांतील बहुतेक मुली जाणार होत्या तिला जोडणीचे काम येणाऱ्या मुली हव्या होत्या. ठरलेल्या जागी ठरलेला नट ठरलेल्या जोराने आवळणे, टॉर्क पान्याचा ‘कट’ असा आवाज आला की त्यावर रंगाची खूण करणे, आणि पट्टा पुढे सरकला की पुढच्या गाडीवर तेच करणे. एका कामाला मिनिट-दीड मिनिट. एका पाळीत तेच काम शेकडो वेळा. यात कमीपणा काही नाही, कारण आवळला न गेलेला एक नट रस्त्यावर माणूस मारू शकतो. पण हे काम बारा आठवड्यांत येते आणि बारा वर्षे केले तरी त्यात भर पडत नाही. निदानाचे तसे नाही. दोष शोधावयाचा म्हणजे सर्व यंत्र मनात उभे करावे लागते, कोठे काय असावयास हवे ते ठाऊक असावे लागते आणि जे नाही त्याची चाहूल घ्यावी लागते. ही विद्या ज्याच्याजवळ असते त्यालाच पुढे दुरुस्ती-विभागात, तपासणीत, पर्यवेक्षणात जागा मिळते. आज मार्गिकेवर मुली आणि मार्गिका बंद पडली की पेटी घेऊन धावत येणारे बहुतेक मुलगे, अशी जी वाटणी दिसते तिचे मूळ अभ्यासक्रमाच्या या अर्ध्या राहिलेल्या पानात आहे. प्रशिक्षण महासंचालनालयाने औद्योगिक प्रशिक्षण संस्थांसाठी विजेच्या वाहनाच्या मेकॅनिकचा दोन वर्षांचा स्वतंत्र व्यवसाय-अभ्यासक्रम आखला आहे आणि त्यात निदान आहे. परंतु घरची ओढाताण असलेल्या मुलीस दोन वर्षे बिनपगारी बसणे परवडत नाही, आणि बारा आठवड्यांनंतर पगार सुरू होतो म्हटल्यावर ती कोणता रस्ता धरील हे सांगण्यास ज्योतिषी नको.

पगार म्हणतात तोही बहुधा पगार नसतो, विद्यावेतन असते. शिकाऊ उमेदवारांच्या १९६१ च्या अधिनियमाचे १८वे कलम सांगते की उमेदवार हा विद्यार्थी आहे, कामगार नव्हे, आणि म्हणून कामगारविषयक कायदे त्यास सामान्यतः लागू होणार नाहीत. २२वे कलम सांगते की उमेदवाराला नोकरी देण्याचे धोरण मालकाने स्वतः ठरवावे, आणि करारनाम्यात तसे लिहिले असेल तरच मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्यास मालक बांधलेला आहे. शिक्षणाच्या हद्दीत या दोन्ही तरतुदी सयुक्तिक आहेत. पण ज्या ठिकाणी पट्ट्यावरची निम्मी माणसे उमेदवार असतात आणि वर्ष भरले की त्यांच्या जागी नवे उमेदवार रुजू होतात, तेथे कोण कोणाकडून काय शिकत आहे हा प्रश्न विचारलाच पाहिजे. २०१९ च्या नियमांनी विद्यावेतनाची किमान पायरी पात्रतेनुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये अशी ठेवली. कारखाने त्याहून अधिक देतात हे खरे, आणि ऊसतोडणीला कोयता उचलून गेलेल्या आईबापांच्या मुलीला पहिल्या महिन्याचे ते पैसे किती वाटतात हे पाहिल्याशिवाय त्यावर टीका करू नये हेही खरे. माझे म्हणणे इतकेच की वर्ष संपल्यावर तिच्या हाती जे प्रमाणपत्र पडते, त्याने तिच्या तालुक्यात कोणते कुलूप उघडते?

याचे उत्तर शोधताना मला दोन जुनी गावे आठवतात. पहिले केडगाव, दौंडजवळचे. दुष्काळात उपासमारीने मरणाच्या दारी आलेल्या शेकडो मुली गेल्या शतकाच्या तोंडाशी पंडिता रमाबाईंनी तेथील मुक्तिसदनात आणल्या, आणि त्यांना नुसते शिवण-टिपण शिकवून न थांबता तेलाचा घाणा, हातमाग आणि छापखाना त्यांच्या ताब्यात दिला. खिळे जुळविणे, छपाई, बांधणी ही सगळी कामे त्या मुली करीत, आणि रमाबाईंनी मुळावरून केलेले बायबलाचे मराठी भाषांतर त्याच छापखान्यात तयार झाले. रमाबाईंच्या धर्मांतरावरून पुण्यात जो धुरळा उडाला त्यात त्यांच्या या कारखानदारीकडे आपल्या समाजाने पाहिलेच नाही. दुसरे गाव पाबळ, शिरूर तालुक्यातले. मस्तानीच्या समाधीमुळे लोकांना ठाऊक असलेल्या त्या अवर्षणग्रस्त गावी डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधनकार्य सोडून १९८३ साली विज्ञान आश्रम घेऊन आले. हाताने काम करीत शिकणे हीच शिकण्याची स्वाभाविक रीत होय, हा त्यांचा सिद्धांत; आणि त्यांच्या आश्रमाने माध्यमिक शाळांत जो मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय नेला त्यात वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती आणि स्वयंपाकघरातील विज्ञान ही कामे मुलामुलींनी आळीपाळीने सारखीच करावयाची असतात. नववीतल्या मुलीने एकदा वेल्डिंगची काच डोळ्यांपुढे धरली की पुढे बारा आठवड्यांच्या वर्गात तिला धीर देण्याची गरज पडत नाही. गॅरेजातली जी पूर्वशाळा तिला मिळाली नव्हती ती ही. चाकण पाबळपासून फार दूर नाही, पण चाकणच्या कारखान्यांनी पाबळकडे जेवढे पाहावयास हवे होते तेवढे पाहिले असे दिसत नाही.

आणि विजेच्या वाहनावर ग्रामीण मुलीने काम करणे ही काही आजची नवलाई नव्हे. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी कऱ्हाडच्या शासकीय तंत्रनिकेतनात विद्युत् अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि १९८० च्या दशकात मध्य रेल्वेत सहायक चालक म्हणून त्या रुजू झाल्या. आशियातील पहिल्या स्त्री रेल्वेचालक म्हणून त्यांचे नाव झाले, २०११ च्या ८ मार्चला त्यांनी डेक्कन क्वीन चालविली, आणि २०२३ च्या मार्चमध्ये सोलापूरहून मुंबईस वंदे भारत आणली. त्यांच्या कहाणीत लोक धाडस पाहतात. मला त्यात पदविका दिसते. तंत्रनिकेतनातली ती वर्षे नसती तर धाडस फलाटावरच राहिले असते.

चालक होण्याची वाट तरीही मंद आहे. एसटीने २०१९ साली आदिवासी भागातील मुलींसह स्त्रियांना चालक म्हणून शिकविण्याची योजना हाती घेतली, उंचीची व अनुभवाची अट शिथिल केली, मध्यंतरी करोनाची साथ आली, आणि सासवड आगारातून पहिल्या बाईच्या हाती प्रवासी गाडी यावयास २०२३ उजाडले. शासनाची गुलाबी ई-रिक्षांची योजना त्यामानाने वेगाने निघाली: दहा हजार स्त्रियांना रिक्षा, किमतीचा पाचवा हिस्सा सरकारचा, दहावा हिस्सा लाभार्थीचा, उरलेले सत्तर टक्के बँकेचे कर्ज, रिक्षा बनविण्याचे काम लुनाचे नाव घरोघर पोहोचविणाऱ्या घराण्यातील कायनेटिक ग्रीनकडे, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यात वाटपास प्रारंभ. रिक्षेचा रंग गुलाबीच का असावा हे मला अद्याप उमगलेले नाही. पण रंगापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की रिक्षा वाटेत बंद पडली म्हणजे ती चालविणाऱ्या बाईला फोन करावा लागतो, आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला अजून तरी पुरुषच असतो.

वसतिगृह, पाळी आणि लग्न या तीन बाबींनी जेवढ्या मुली या धंद्यातून बाहेर पडतात तेवढ्या अकुशलतेने पडत नाहीत. महाराष्ट्राने २०१५ च्या सुमारास कायद्यात दुरुस्ती करून सुरक्षिततेच्या अटींवर स्त्रियांना रात्रपाळीची मुभा दिली. अटींत वाहनाची सोय आहे, पण वाहन जेथे सोडते तेथून खोलीपर्यंतची अंधारी गल्ली अटींत बसत नाही. खोली म्हणजे दहा बाय बाराची, चौघींची, पाणी सकाळी सहा ते सात. चेन्नईजवळच्या एका मोबाइलच्या कारखान्यातील मुलींनी २०२१ च्या डिसेंबरात वसतिगृहातील अन्नातून विषबाधा झाल्यावर हमरस्ता अडविला, तेव्हा जगाला कळले की नव्या उद्योगाचा पाया यंत्रशाळेत जेवढा असतो तेवढाच भटारखान्यात असतो. लग्नाचे तर काय सांगावे! राष्ट्रीय कुटुंब आरोग्याच्या पाचव्या पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली, आणि बीड-परभणीकडे हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर होते. त्या जिल्ह्यांतून चाकणला पोहोचलेली बावीस वर्षांची अविवाहित मुलगी ही एका अर्थी आधीच एक मोठी परीक्षा उत्तीर्ण होऊन आलेली असते. बिडकीनच्या औद्योगिक नगरीत टोयोटा किर्लोस्कर आणि एथर या कंपन्यांनी कारखाने काढण्याचे २०२४ साली जाहीर केले आहे. ते उभे राहिले तर मराठवाड्यातील मुलीला घरापासून तीनशे किलोमीटर जावे लागणार नाही, आणि मग ‘लांब आहे’ ही बापाची सबब तरी बाद होईल.

दरम्यान वाहने मुलींच्या आधी खेड्यात पोहोचली आहेत. देशात २०२४-२५ या वर्षात वीस लाखांच्या जवळपास विजेची वाहने विकली गेली. शाळामास्तर, दूधवाले, पतपेढीचे वसुली कारकून यांच्या दारात ती उभी दिसतात, आणि बिघडली की टेम्पोत घालून जिल्ह्याच्या गावी न्यावी लागतात, कारण नाक्यावरचा उस्ताद त्यांना हात लावीत नाही किंवा, अधिक वाईट, लावतो. २०२२ च्या उन्हाळ्यात स्कूटरींना ठिकठिकाणी आगी लागल्या, तेव्हा सरकारने बॅटरीच्या सुरक्षिततेची मानके कडक केली. पण मानक कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या पेटीला लागू होते, रस्त्याकडेला स्क्रूड्रायव्हरने उघडलेल्या पेटीला नाही. या खेड्यांना जोडणीकाराची नव्हे, निदान करणाऱ्याची वाण आहे; आणि निदान येणारी मुलगी कारखान्याने मुदत संपताच मोकळी केली तरी रिकाम्या हाताने परत जात नाही.

पारनेरच्या ज्या मुलीने ती तिसरी वायर शोधून काढली, ती वर्षाची उमेदवारी पुरी करून गावाकडे परतली आहे. मार्गिकेवर तिला कायम करतो असे कोणी म्हटले नाही, आणि तिनेही विचारले नाही. बाजाराच्या गावात एसटी थांब्यामागे दहा फुटी गाळा तिने घेतला आहे; भाडेपट्टी मामाच्या नावावर, कारण गाळेमालकाला मुलीच्या नावाचा करार करण्याची सवय नव्हती. मुद्रा योजनेतील पन्नास हजारांच्या आतल्या कर्जासाठी तिने स्वतः लिहिलेली यादी मी पाहिली: मीटर दोन, एक क्लॅम्पचा, सोल्डरची कांडी, लग दाबण्याची पक्कड, टॉर्क पाना, रबरी हातमोजे एक जोड, वाळूच्या बादल्या तीन. बँकेच्या साहेबांनी वाळूच्या बादल्या कशाला म्हणून विचारले आणि तिने त्यांना लिथियमच्या आगीविषयी पंधरा मिनिटे ऐकविले. कर्ज मंजूर झाले. गाळ्याला विजेची जोडणी मात्र अद्याप मिळालेली नाही. दरखास्त दोनदा परत आली, एकदा मामाच्या सहीसाठी आणि एकदा गाळ्याच्या नकाशासाठी. तोवर ती गिऱ्हाइकांच्या बॅटऱ्या संध्याकाळी घरी नेऊन ओसरीवर चार्ज करते, आणि त्याचे वेगळे पैसे घेते.